ॲडव्होकेट्स ॲक्ट बदला, पण बार कौन्सिल सरकारच्या हाती देऊ नका

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
आणि विधी कार्य विभागात मसुदा लिहिणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

विषय : ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मधील प्रस्तावित दुरुस्त्या

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी वकिली करतो. काम बहुतेक दिवाणी. वाटपाचे दावे, वहिवाटीच्या रस्त्याची भांडणं, मनाई हुकमाचे अर्ज, भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणं. आपल्या विभागानं १३ फेब्रुवारी २०२५ रोजी वकिली व्यवसायाचं नियमन करणाऱ्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्ती विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि २८ फेब्रुवारीपर्यंत सूचना मागवल्या. वकिलांमधून संतापाची लाट उसळली, दिल्लीत कामकाज बंद पडलं, आणि २२ फेब्रुवारीला आपण ती प्रक्रिया थांबवून मसुद्यावर नव्यानं काम करू असं जाहीर केलंत. हे पत्र त्या नव्या मसुद्यासाठी आहे.

मसुदा मागे गेला तेव्हा माझ्या अनेक सहकाऱ्यांना लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मला तसं वाटलं नाही. हा कायदा आहे तसाच राहावा अशी माझी मागणीच नाही. १९६१ पासून आजवर वकिली बदलली, न्यायालयं बदलली, पक्षकारही बदलला, आणि कायद्याची काही कलमं अजून जुन्याच जगात वावरतात. बदल हवाच आहे. पण फेब्रुवारीतला मसुदा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होता. आग लागली आहे ती वकिलाविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी जिथे होते तिथे, म्हणजे कलम ९, ३५ आणि ३६-ब मध्ये. मसुद्याचा सगळा जोर मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियावर, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या शिखर संस्थेवर, केंद्र सरकारचे तीनपर्यंत सदस्य नेमण्यावर आणि नव्या कलम ४९-ब नुसार कौन्सिलला बंधनकारक निर्देश देण्याचा अधिकार सरकारकडे घेण्यावर होता.

आधी या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो.

१९६१ पूर्वी वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, कुणाच्या हाती होती, हे विसरून चालणार नाही. १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट, आपल्याकडचा १९२० चा बॉम्बे प्लीडर्स ॲक्ट, मग १९२६ चा इंडियन बार कौन्सिल्स ॲक्ट, अशी ती वाट आहे. १९२६ च्या कायद्यानं कौन्सिल आलं खरं, पण पंधरा सदस्यांपैकी निवडून आलेले फक्त दहा. चार उच्च न्यायालयानं नेमलेले आणि एक ॲडव्होकेट जनरल. वकिलाला शिक्षा करायची की नाही, याचा शेवटचा शब्दही उच्च न्यायालयाचाच असे. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली म्हणून अहमदाबादच्या काही वकिलांच्या सनदीचा प्रश्न तिथल्या जिल्हा न्यायाधीशानं पत्र लिहून मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला होता. ते पत्र गांधीजींनी छापलं म्हणून त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई झाली, आणि पुढे १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेनं त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकलं. ते परत चढवलं गेलं १९८८ साली. सनदीवर सत्तेचा हात असला की काय होतं, हे या देशानं पाहिलेलं आहे.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया बार कमिटी बसली, १९५३ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच्या आधारावर १९६१ चा कायदा उभा राहिला. त्यानं दोन गोष्टी केल्या. बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार ही उतरंड मोडून वकिलांचा एकच वर्ग केला. आणि सनद देण्याचा, ती काढून घेण्याचा अधिकार वकिलांनीच निवडलेल्या कौन्सिलांकडे सोपवला. या दुसऱ्या गोष्टीला आपला मसुदा हात लावत होता.

तीन सदस्यांनी असं काय बिघडणार आहे, असं मला विचारलं गेलं आहे. मुळात सरकारचा आवाज तिथे आजही आहे. महान्यायवादी आणि सॉलिसिटर जनरल हे दोघं कलम ४ नुसार बार कौन्सिल ऑफ इंडियाचे पदसिद्ध सदस्यच आहेत. सरकारला काही सांगायचं असेल तर देशातले सर्वांत मोठे दोन सरकारी वकील त्या टेबलावर बसलेले असतात. मग आणखी तीन कशासाठी? आणि ४९-ब आल्यावर तर सदस्य किती, हा प्रश्नच गौण ठरतो. निर्देश बंधनकारक असेल तर मतदान कशावर घ्यायचं?

आता या तरतुदीचा अर्थ माझ्या कामात काय होतो, ते सांगतो. आमच्या जिल्ह्यातून रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. अशा महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा ती नॅशनल हायवेज ॲक्ट, १९५६ खाली जाते. मोबदला ठरवणारा सक्षम प्राधिकारी महसूल खात्याचा अधिकारी असतो. तो मोबदला मान्य नसेल तर शेतकऱ्यानं लवादापुढे जायचं, आणि कलम ३-जी प्रमाणे तो लवाद केंद्र सरकार नेमतं, म्हणजे पुन्हा एक वरिष्ठ सरकारी अधिकारीच. समोरचा पक्ष म्हणून बसलेलं महामार्ग प्राधिकरणही केंद्राचंच. मी अशा सुनावण्यांना उभा राहतो. टेबलापलीकडे फायलींचे गठ्ठे, अलीकडे सातबाऱ्याचा उतारा हातात घेतलेला शेतकरी. बागायत जमीन निवाड्यात जिरायत कशी लागली, विहीर आणि पाइपलाइन मोजणीतून कशी सुटली, हे त्याच्या वतीनं सांगायचं असतं. त्या दालनात सरकारचा नसलेला एकच व्यावसायिक माणूस असतो, तो म्हणजे शेतकऱ्याचा वकील. त्या वकिलाची सनद ज्या संस्थेच्या नोंदवहीत आहे, तिच्या शिखर संस्थेला केंद्र सरकार बंधनकारक निर्देश देऊ लागलं, तर त्या खोलीत शेतकऱ्याच्या बाजूनं उरलं कोण?

हे काल्पनिक भय नाही. जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढली होती, तीही अशिलाला दिलेल्या कायदेशीर सल्ल्याच्या संदर्भात. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात तपास यंत्रणांवर मर्यादा घातल्या. अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं ही अशिलाची मालमत्ता आहे, म्हणून ते संरक्षण. बार कौन्सिलचं स्वातंत्र्यही त्याच कारणासाठी आहे. ते आम्हा काळ्या कोटवाल्यांची मिरास नव्हे.

वैद्यकीय क्षेत्रात मेडिकल कौन्सिल जाऊन २०२० मध्ये नॅशनल मेडिकल कमिशन आलं आणि निवडून आलेल्यांची जागा नेमलेल्यांनी घेतली, मग वकिलांनीच का अडून बसावं, असं आपल्याकडे म्हटलं जातं. त्या बदलाची चर्चा डॉक्टरांनी करावी. मी एवढंच म्हणेन की डॉक्टर रोज उठून सरकारविरुद्ध उभा राहत नाही. वकिलाचा निम्मा दिवस त्यातच जातो. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. पक्षकारानं समोरच्या वकिलावर ताबा मागू नये.

इथवर माझे सगळे वकील बंधू-भगिनी माझ्याशी सहमत होतील. पुढचं काहींना रुचणार नाही, तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय वरचा युक्तिवाद अपुरा आहे.

शेजारच्या गावातली एक विधवा बाई माझ्याकडे आली होती. नवरा मोटारसायकलवरून कामावरून येताना ट्रकखाली गेला. अपघाताचा दावा झाला, लोकअदालतीत तडजोड झाली, रक्कम जमा झाली. तिच्याकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत तडजोडीच्या हुकमाची नक्कल होती आणि बँकेचं पासबुक होतं. पासबुकात रक्कम आलेली दिसत होती आणि चार दिवसांत तिच्यातला मोठा हिस्सा गेलेलाही दिसत होता. पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर आधीच सह्या घेतल्या होत्या, असं तिचं म्हणणं. खर्च किती, फी किती, याचा कागद कुठेच नव्हता. मी तिला सांगितलं की बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते, प्रतिज्ञापत्र लागेल, नकला लागतील, ते मी करून देतो. तिनं विचारलं, "त्या कौन्सिलात कोण असत्यात?" म्हटलं, वकील. तिनं पासबुक पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांच्याच भावकीकडं जायचं म्हणा की." ती तक्रार कधी दाखल झाली नाही.

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कायद्यातच ते नाही. कलम ९ नुसार शिस्तपालन समिती तीन जणांची. दोघं कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकीलच. हे सदस्य निवडून येतात ते वकिलांच्या मतांवर. म्हणजे ज्यांच्या मतांवर उद्या निवडून यायचं त्यांच्याच सनदीचा निकाल आज द्यायचा. त्या समितीत कितीही सचोटीची माणसं बसवा, आणि तशी मी पाहिली आहेत, तरी रचनेतला दोष जात नाही. कुठल्याही न्यायाधीशाला आपण अशा जागी बसू देणार नाही.

पुढचं कलम ३६-ब तर मला सर्वांत जास्त सलतं. तक्रार एका वर्षात निकाली काढायची, नाही काढली तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. दिसायला ही तक्रारदाराची सोय आहे. प्रत्यक्षात राज्य पातळीवर दिरंगाई झाली की तिची शिक्षा तक्रारदाराला मिळते, कारण वर्षभर मुंबईचे हेलपाटे घालून झाल्यावर त्याची फाइल दिल्लीला जाते. तालुक्यातल्या माणसानं दिल्लीला सुनावणीला जायचं, राहायचं, पुन्हा पुढच्या तारखेला जायचं. ज्या वकिलाला तक्रार दाबायची आहे त्यानं काहीच करायचं नाही, नुसता वेळ काढायचा.

आणि एवढं करून त्या विधवा बाईला मिळणार काय? कलम ३५ मध्ये तक्रार फेटाळणं, ताकीद, ठरावीक काळ सनद स्थगित करणं आणि नाव काढून टाकणं, एवढेच पर्याय आहेत. अडकवलेले पैसे परत करा, असा आदेश त्यात बसत नाही. तिची दुसरी वाट होती ग्राहक आयोगाची, तीही १४ मे २०२४ रोजी बंद झाली. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं दिला. वकिली हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही, ही त्यामागची भूमिका मला पटते. पण मग आपल्या शिस्तीची जबाबदारी आपल्यावर दुप्पट आली. एक दार बंद करून घेतलं तर दुसरं सताड उघडं हवं.

बार स्वतःच्या माणसांना शिस्त लावूच शकत नाही, असंही नाही. १९७५-७६ मधला महाराष्ट्र बार कौन्सिलचा सर्वोच्च न्यायालयातला खटला वकिलीच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात उभं राहायचं, पक्षकार दिसला की झडप घालायची, कागद हिसकावून घ्यायचे, असा आरोप काही वकिलांवर होता. राज्य कौन्सिलच्या समितीनं त्यांना दोषी धरून सनदी स्थगित केल्या. बार कौन्सिल ऑफ इंडियानं त्यांना सोडलं. तेव्हा राज्य कौन्सिल स्वतः अपील घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. तुम्हाला अपिलाचा अधिकारच काय, असा प्रश्न आला, आणि सात न्यायमूर्तींच्या पीठानं तो अधिकार मान्य केला, कारण व्यवसायाची प्रतिष्ठा जपणं हे कौन्सिलचं कामच आहे. आपल्याच सभासदांविरुद्ध दिल्लीपर्यंत झुंजणारं ते कौन्सिल माझ्या मनात आदर्श म्हणून आहे.

तेव्हा नव्या मसुद्यात शिस्तपालनाचं काम निवडून आलेल्या सदस्यांपासून पूर्ण वेगळं काढा. समितीवर ज्येष्ठ वकील असू देत, पण त्यांच्या जोडीला निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि वकील नसलेले नागरिक हवेत : शिक्षक, बँकेतले निवृत्त अधिकारी, सामाजिक काम केलेली माणसं. त्यांची निवड सरकारनं करायची नाही आणि कौन्सिलनंही नाही. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी खुले अर्ज मागवून यादी करावी. इंग्लंडमध्ये २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टनं वकिली व्यवसायावर देखरेख करणारं जे मंडळ नेमलं, त्याचा अध्यक्ष वकील नसलेला असतो आणि बहुसंख्य सदस्यही वकील नसलेले. त्यानं तिथल्या बारचं आकाश कोसळलं नाही. आपल्याकडे बहुमत वकिलांचं राहिलं तरी माझी हरकत नाही, पण त्या बाईला टेबलामागे एक तरी असा चेहरा दिसला पाहिजे जो तिच्या वकिलाचा मतदार नाही की स्नेही नाही.

समितीनं फिरतं असावं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी आणि आता कोल्हापूर, जिथे उच्च न्यायालय बसतं तिथे समिती का बसू नये? वर्षाची मुदत टळली तर फाइल दिल्लीला न पाठवता त्याच राज्यातल्या दुसऱ्या समितीकडे द्यावी आणि विलंबाची कारणं प्रसिद्ध करावीत. निकालपत्रं संकेतस्थळावर टाकावीत. रक्कम परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार समितीला असावा. आणि हो, विरुद्ध बाजूच्या पक्षकारानं निव्वळ छळण्यासाठी केलेल्या तक्रारींचा त्रास आम्हालाही होतो. त्यासाठी पहिल्याच पायरीवर एका निवृत्त न्यायाधीशानं छाननी करावी, म्हणजे खोटी तक्रार दारातच थांबेल. फेब्रुवारीच्या मसुद्यात खोट्या तक्रारीला दंड होता. तो कितीही योग्य वाटला तरी दंडाच्या धास्तीनं सर्वांत आधी मागे फिरेल ती पासबुकवाली बाई. छाननी पुरेशी आहे.

बहिष्काराबद्दल लिहिणं मला सर्वांत जड जातं. मसुद्यातलं कलम ३५-अ वकिलांना कामकाजापासून अलिप्त राहायला मनाई करत होतं. न्यायालयाचं काम न अडवता केलेला लाक्षणिक किंवा एक दिवसाचा निषेध तेवढा चालला असता. कायद्याची स्थिती पाहिली तर यात नवं काही नाही. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २००२ रोजीच सांगितलं आहे.

पण मी कोल्हापूरचा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी खंडपीठ हवं म्हणून आमच्या कित्येक पिढ्या भांडल्या. मोर्चे, उपोषणं, लाल फिती, कामकाजावर बहिष्कार, सगळं झालं. मीही त्यात होतो. १७ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा ज्या ज्येष्ठांनी हयात त्यात घातली त्यातले कित्येक ते पाहायला उरले नव्हते. आम्ही शांतपणे निवेदनं देत राहिलो असतो तर हे झालं असतं का? मला शंका आहे. आणि तरीही बहिष्काराच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात काय चालतं, ते मला ठाऊक आहे. वाडीवरून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं व्हरांड्यात उकिडवी बसलेली असतात. पुकारा होतो, रोजनाम्यात वकील गैरहजर अशी नोंद पडते, पुढची तारीख मिळते. त्या माणसाचा रोजगार बुडालेला असतो आणि खंडपीठ कुठे व्हावं यावर त्याचं मत कुणी विचारलेलं नसतं. तारीख त्याची असते, वकिलाची नव्हे.

म्हणून ३५-अ ला माझा सरसकट विरोध नाही. पण ते एकतर्फी आणू नका. २० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सर्व उच्च न्यायालयांना सांगितलं की वकिलांच्या तक्रारी ऐकण्यासाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समित्या नेमा, म्हणजे संपाची वेळ येणार नाही. त्या समित्यांना कायद्यात स्थान द्या. किती दिवसांत बैठक, किती दिवसांत लेखी उत्तर, हे लिहा. न्यायाधीशाची जागा वर्षभर रिकामी आहे, स्त्री वकिलांना स्वच्छतागृह नाही, नक्कल विभागात माणूस नाही, या गोष्टी आज बाररूममध्येच विरतात आणि मग एक दिवस भडका उडतो. बोलायची जागा द्या, मग बहिष्काराला मनाई करा. तोवर ते कलम नुसतं तोंड बंद करणारं ठरेल.

शुल्काचा गोंधळ मात्र आपण एका परिच्छेदात मिटवू शकता. सनदीसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, हे आकडे कायद्यात १९९३ पासून तसेच आहेत. पण त्यावर नाना नावांनी शुल्कं लावून राज्य कौन्सिलं पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढे घेत होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं आणि फार चांगलं केलं. शेतमजुराच्या पोरानं कर्ज काढून एलएलबी करायचं आणि सनदीसाठी पुन्हा सावकाराच्या दारात जायचं, ही लाजिरवाणी गोष्ट होती. पण ७५० रुपयांत आज कौन्सिल चालत नाही, हेही खरं. कौन्सिलचा खर्च भागवायचा तर तो स्थिरावलेल्या वकिलांच्या वार्षिक वर्गणीतून भागवा. मी ती आनंदानं भरेन. सनद घेणाऱ्या नवख्याकडून नको. आणि प्रत्येक कौन्सिलचा लेखापरीक्षित जमाखर्च दरवर्षी जाहीर करणं सक्तीचं करा.

निवडणुकांचंही तेच. कायद्यात मुदत पाच वर्षांची आहे, वाढ फार तर सहा महिन्यांची. महाराष्ट्र आणि गोव्यात मार्च २०१८ मध्ये मतदान झालं, त्याला पाच वर्षं केव्हाच उलटून गेली. सनदींच्या पडताळणीचं कारण पुढे करून देशभर मुदती लांबत गेल्या आणि शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य कौन्सिलांच्या निवडणुकांसाठी तारखा ठरवून द्याव्या लागल्या. आम्ही सरकारला स्वायत्तता मागायची आणि आमच्याच निवडणुका न्यायालयानं लावायच्या, हे आम्हाला शोभत नाही. मुदत संपण्यापूर्वी अमुक दिवस आधी निवडणूक जाहीर झालीच पाहिजे, नाही तर निवृत्त न्यायमूर्तींकडे सूत्रं जातील, असं स्वच्छ कलम घाला. पडताळणी हे मुदतवाढीचं कारण होणार नाही, हेही त्यातच लिहा.

स्त्रियांच्या जागांबद्दल लिहायला इतकं उशिरा यावं लागलं, पण तो विषय शेवटचा नाही. स्त्रियांना वकिलीचा हक्क १९२३ च्या कायद्यानं मिळाला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. मतपत्रिकेवर शंभराच्या वर नावं, पसंतीक्रमाचं मतदान, आणि प्रचार करायचा तो दोन राज्यांतल्या प्रत्येक बाररूममध्ये जाऊन, रात्रीच्या जेवणावळी घालून. ज्या ज्युनिअर मुली माझ्याकडे काम शिकल्या त्यातली एकही या पद्धतीनं निवडून येऊ शकणार नाही, आणि त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा चांगला उलटतपास घेतात. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य कौन्सिलांत ३० टक्के जागा स्त्रियांना मिळाव्यात असे आदेश दिले. आदेशांवर किती दिवस चालायचं? ते कलम ३ मध्ये लिहा. शिस्तपालन समित्यांनाही लागू करा, कारण वकिलाविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्यांत पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या प्रकरणांतल्या बायका असतात.

परदेशी वकिली कंपन्या, कंपन्यांतले पगारी कायदेतज्ज्ञ यांना वकील म्हणावं की नाही, हे मसुद्यातले विषय माझ्या आवाक्याबाहेरच्या वकिलीचे आहेत. त्यावर महानगरांतल्या मंडळींनी बोलावं.

शेवटी पद्धतीबद्दल. २०१४ मध्ये केंद्र सरकारनंच ठरवलेल्या पूर्वविधायी सल्लामसलतीच्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे असायला हवा. आपण दिले पंधरा. या वेळी ९० द्या. मसुदा मराठीसह सर्व राज्यभाषांत द्या, जुनं कलम आणि नवं कलम शेजारी-शेजारी छापून, आणि प्रत्येक बदल का केला त्याचं कारण एका परिच्छेदात. आलेल्या सूचना आणि त्यांना विभागानं दिलेली उत्तरं प्रसिद्ध करा. आणि कृपा करून सल्लामसलत दिल्लीच्या सभागृहापुरती ठेवू नका. एक तरी बैठक एखाद्या तालुका न्यायालयाच्या आवारात घ्या, कामकाजाच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत. वकिलांना एका बाजूला बसवा आणि तारखेला आलेल्या पक्षकारांना आधी बोलू द्या. जागेची, सतरंजीची आणि माइकची व्यवस्था आमची वकील संघटना करेल, अशी मी खात्री देतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक तालुका वकील
जि. कोल्हापूर